मकुआहिने म्हणजे आई, मावशी की आत्या? हवाईयन नातेशब्दांविषयी

प्रश्न असा आहे: हवाईयन भाषेत आई, मावशी, आत्या आणि काकू या सगळ्यांना एकच शब्द आहे, सख्ख्या आणि चुलत भावंडांतही फरक केला जात नाही, असे वाचनात आले. मग त्या लोकांना ही नाती वेगळी जाणवतच नव्हती का, आपल्याकडेच प्रत्येक नात्याला स्वतंत्र शब्द का आहे, आणि इतर भाषांत काय दिसते? वंशावळी नोंदवणे आणि नातेवाचक शब्दांचे तक्ते करणे हे माझे बरीच वर्षे चाललेले काम असल्याने थोडे सविस्तर उत्तर देतो.

जे वाचले ते खरे आहे, पण अर्धेच. हवाईयन भाषेत आईवडिलांच्या पिढीतल्या कोणालाही ‘मकुआ’ म्हणतात. पुरुष असेल तर ‘मकुआ काने’, स्त्री असेल तर ‘मकुआहिने’. म्हणजे वडील, काका, मामा, आत्याचे यजमान हे सगळे मकुआ काने, आणि आई, मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्या मकुआहिने. त्याच्या वरची पिढी ‘कुपुना’. त्यात आजोबा येतात, आजोबांचे भाऊ येतात, आजीच्या बहिणी येतात आणि ढोबळपणे सगळे पूर्वजही येतात. खालची पिढी ‘केइकी’, त्याखालची ‘मो’ओपुना’. (मधले स्वल्पचिन्ह म्हणजे ‘ओकिना’: घसा क्षणभर आवळून केलेला अडथळा. हवाईयन लिपीत तो स्वतंत्र व्यंजन मानला जातो आणि तो गाळला तर शब्द बदलतो. शब्दाच्या आरंभी येणारा ओकिना मात्र मी येथे दाखवलेला नाही.) यांतल्या काही शब्दांचे अनेकवचन पहिला स्वर लांबवून होते, त्यामुळे एक मकुआ, अनेक माकुआ, एक कुपुना, अनेक कूपुना. देवनागरीत हा फरक रोमन लिपीपेक्षा सहज उतरतो, हा आपल्याला आयताच मिळालेला फायदा.

येथवर पाहिले तर वाटते की ही भाषा पिढ्या मोजते आणि बाकी सगळे सोडून देते. पण भावंडांकडे वळले की चित्र पालटते, आणि हा भाग लोकप्रिय लेखांत बहुधा गळालेला असतो. एक काल्पनिक कुटुंब घेऊ. चार भावंडे, वयाच्या क्रमाने: केओला हा मुलगा, लेइलानी ही मुलगी, कालानी हा मुलगा आणि मालिया ही मुलगी. केओला कालानीला ‘काइकाइना’ म्हणतो आणि कालानी केओलाला ‘काइकुआ’आना’. लेइलानीसुद्धा मालियाला काइकाइनाच म्हणते आणि मालिया लेइलानीला काइकुआ’आना. मात्र कालानी आपल्या दोन्ही बहिणींना ‘काइकुआहिने’ म्हणतो, मग ती मोठी असो की धाकटी. आणि दोघी बहिणी आपल्या दोन्ही भावांना ‘काइकुनाने’ म्हणतात, तेथेही वयाचा प्रश्न येत नाही.

म्हणजे काइकाइना या शब्दाचा अर्थ ‘धाकटा भाऊ’ असा नाही आणि ‘धाकटी बहीण’ असाही नाही. त्याचा अर्थ ‘बोलणाऱ्याच्याच लिंगाचे, त्याच्याहून धाकटे भावंड’ असा आहे. पुरुषाच्या तोंडी तो भाऊ होतो, स्त्रीच्या तोंडी बहीण. उलट काइकुनाने हा शब्द पुरुष स्वतःच्या भावाविषयी वापरूच शकत नाही. तो फक्त स्त्रीचा भाऊ. मराठी वाक्यात ‘माझा भाऊ आला’ असे म्हटले तर भाऊ कोणाचा, पुरुषाचा की स्त्रीचा, हे ‘भाऊ’ या शब्दावरून कळत नाही. हवाईयनमध्ये ते कळल्यावाचून राहत नाही. आपण जेथे भेद करतो तेथे ती भाषा करत नाही आणि ती जेथे भेद करते तेथे आपण करत नाही. त्यामुळे एका भाषेला श्रीमंत आणि दुसरीला गरीब ठरवण्याला काही अर्थ राहत नाही.

हा भेद किती सक्तीचा आहे ते भाषांतर करणाऱ्याला चांगले कळते. अमेरिकन मिशनरी १८२० मध्ये हवाई बेटांवर पोचले आणि १८३९ पर्यंत त्यांनी संपूर्ण बायबल हवाईयनमध्ये आणले. ग्रीक मजकुरात नुसते ‘भाऊ’ असे लिहिलेले असले तरी हवाईयनमध्ये तसे नुसते लिहिता येत नाही: दोन भावांपैकी थोरला कोणता हे आधी ठरवावे लागते, मगच काइकुआ’आना किंवा काइकाइना लिहिता येते. मुळात वय दिलेले नसेल तर भाषांतरकाराला एक बाजू घ्यावीच लागते. हवाईयनमधून मराठीत येताना अडचण उलटी होते. जुन्या पत्रात ‘माझी काइकाइना’ लिहायचे की ‘माझा काइकाइना’, हे पत्र लिहिणाऱ्याचे नाव कळेपर्यंत ठरत नाही.

आता चुलत, मामे, मावस, आते भावंडांचे काय? त्यांनाही हेच चार शब्द लागतात, आणि येथे एक बारकावा आहे. समजा केओलाचा मुलगा ईकाइका आणि कालानीचा मुलगा माकोआ. माकोआ वयाने मोठा आहे. तरीही ईकाइका हा माकोआचा काइकुआ’आना, कारण त्याचा बाप थोरला. चुलत भावंडांत थोरलेपण जन्मतारखेवरून ठरत नाही, शाखेवरून ठरते; थोरल्या शाखेतले मूल पाळण्यात असले तरी धाकट्या शाखेतल्या मोठ्या माणसाचे ते काइकुआ’आना असते. मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावे लागणार नाही. आपल्याकडच्या जुन्या घराण्यांत थोरली पाती आणि धाकटी पाती असतात, आणि थोरल्या पातीतल्या मुलाचा मान धाकट्या पातीतल्या प्रौढाआधी येतो. फरक एवढाच की आपण तो मान बैठकीत आणि वतनात ठेवला, रोजच्या नातेशब्दात आणला नाही. हवाईयनांनी तो शब्दातच बसवला.

हे त्यांनी का केले असावे, हे त्यांच्या समाजरचनेवरून उमजते. हवाईत सरदारवर्गाचा दर्जा वंशावळीवर अवलंबून होता, ती वंशावळ आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही बाजूंनी मोजली जाई, आणि दोन सरदारांत वरचा कोण हे कोणाची शाखा थोरली यावरून ठरे. आपल्यासारखे केवळ बापाकडून चालणारे कूळ किंवा गोत्र तेथे नव्हते. जेथे मुलगा बापाच्या कुळात जन्मतो आणि आईचे कूळ त्याला परके असते, तेथे काका आणि मामा एका शब्दात बसवणे गैरसोयीचे ठरते. काकाशी जमिनीची वाटणी होते, मामाशी होत नाही. जेथे दोन्ही बाजूंनी हक्क सांगता येतो तेथे काका आणि मामा यांत तसा फरक उरत नाही, उरतो तो थोरल्या-धाकट्याचा. प्रत्येक समाजाला हे सूत्र तंतोतंत लागू पडते असा माझा दावा नाही, कारण याला अपवाद पुष्कळ आहेत. हवाईच्या बाबतीत मात्र ते बरेचसे पटते.

आता ‘त्या लोकांना नाती कळतच नव्हती का’ या प्रश्नाकडे वळतो. हा प्रश्न नवा नाही आणि त्याला एक मोठा इतिहास आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरचे वकील ल्युइस हेन्री मॉर्गन यांनी उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी इरोक्वॉय लोकांची नाती अभ्यासल्यानंतर छापील प्रश्नावल्या जगभरच्या मिशनऱ्यांना आणि वकिलातींना पाठवल्या, आणि त्यांतून जमलेले तक्ते १८७१ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. नात्यांचा तुलनात्मक अभ्यास तेथून सुरू झाला. हवाईयन तक्ता पाहून मॉर्गन यांनी असा तर्क केला की ज्या अर्थी बापाच्या सगळ्या भावांना बाप म्हणतात, त्या अर्थी एके काळी भावाभावांचा गट आणि बहिणीबहिणींचा गट सामुदायिक लग्नात राहत असला पाहिजे, बाप नेमका कोण हे ठाऊक नसले पाहिजे, आणि शब्द हे त्या काळाचे अवशेष असले पाहिजेत. ‘पुनालुआ’ हा हवाईयन शब्द त्यांनी आपल्या १८७७ च्या पुस्तकात विवाहाच्या एका संपूर्ण अवस्थेला दिला. मुळात पुनालुआ म्हणजे एकाच स्त्रीचे दोन पती किंवा एकाच पुरुषाच्या दोन पत्नी यांचे परस्परांशी नाते. मॉर्गन यांच्याकडे आलेल्या माहितीप्रमाणे पुरुष आपल्या साडूलाही पुनालुआ म्हणत असे. पुढे १८८४ मध्ये एंगल्स यांनी कुटुंबसंस्थेवर लिहिताना हीच मांडणी उचलली, आणि मार्क्सवादी साहित्यातून ती जगभर पसरली, मराठीतही आली.

हा तर्क टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे पाहण्यासाठी हवाईला जाण्याचीही गरज नाही. बाप कोण हे ठाऊक नसू शकते, हे एक वेळ मान्य करू. पण आई कोण हे कोणत्या समाजाला ठाऊक नसते? तरीही हवाईयन माणूस मावशीला, आत्याला आणि काकूलाही मकुआहिने म्हणतो. म्हणजे हा शब्द ‘मला जन्म देणारी’ एवढे सांगण्यासाठी नाहीच. तो ‘माझ्या जन्मदात्यांच्या पिढीतली स्त्री’ हे सांगतो. जन्मदात्रीच अभिप्रेत असेल तेव्हा पुढे विशेषण लावायची सोय आहेच: ‘पोनो’ई’ म्हणजे स्वतःचा, खास आपला. आपण ‘सख्खा’ लावतो तसेच. मकुआ हा शब्द मुळात पूर्ण वाढलेल्या, प्रौढ माणसालाही लागतो. आपल्या ‘वडील’ शब्दाचा प्रवास फार वेगळा नाही: वडील बंधू, वडीलधारी मंडळी यांत तो केवळ वयाने मोठा एवढेच सांगतो, आणि ‘माझे वडील’ म्हटले की बाप. उद्या कोणी परदेशी अभ्यासकाने ‘वडीलधारी मंडळी’ वाचून मराठी माणसाला अनेक बाप असतात असा निष्कर्ष काढला तर आपण हसू. मॉर्गन यांची चूक त्याच जातीची होती, फक्त तिच्यामागे प्रचंड अभ्यास होता.

तेव्हा एक काटेकोर भेद लक्षात ठेवावा लागतो: हाक मारण्याचे शब्द वेगळे आणि नाते सांगण्याचे शब्द वेगळे. मराठीत नाते सांगताना आपण चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ असे चार प्रकार काटेकोरपणे करतो. पण समोरासमोर हाक मारताना हे सगळे ‘दादा’ असतात आणि त्यांच्या बहिणी ‘ताई’. ‘ए मामेभाऊ’ अशी हाक कोणी मारत नाही. हाकेच्या पातळीवर मराठी बरीचशी हवाईयन आहे आणि नाते सांगण्याच्या पातळीवर तिच्या अगदी दुसऱ्या टोकाला. मॉर्गन यांच्यावर त्यांच्या हयातीतच एक आक्षेप असा घेतला गेला की हे सगळे शब्द म्हणजे नुसती आदराची संबोधने आहेत. तोही टोकाचाच होता; काइकुआ’आना हा शब्द वारसा आणि मान ठरवतो, तो नुसती हाक नाही.

नाती शब्दांच्या बाहेर कशी वाहतात हे ‘हानाइ’ या प्रथेत दिसते. मूल दुसऱ्या घरी वाढवायला देणे म्हणजे हानाइ. पहिल्या मुलाला ‘हिआपो’ म्हणतात, आणि जुन्या रीतीने हिआपोवर आजीआजोबांचा हक्क असे: मुलगा असेल तर बापाच्या आईवडिलांचा, मुलगी असेल तर आईच्या आईवडिलांचा. हे मूल वंशाच्या कथा, मंत्र, वंशावळी शिकून पुढे नेई. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी १८३८ मध्ये जन्मली आणि जन्मतःच पाकी व कोनिया या सरदार दांपत्याकडे हानाइ गेली; त्यांची पोटची मुलगी बर्नीस पाउआही ही तिची हानाइ बहीण झाली. आपल्या दत्तकाशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण दोन्हींत मोठा फरक आहे. आपला दत्तक जन्मघर सोडतो, गोत्र बदलतो, वारसाही बदलतो. हानाइ मुलाला जन्मदाते कोण हे ठाऊक असते, बहुधा दोन्ही घरांत त्याचे येणेजाणे असते आणि वंशावळीत जन्माची ओळ पुसली जात नाही. ज्या भाषेत जन्मदाती आणि वाढवणारी दोघीही आधीपासूनच मकुआहिने आहेत, तेथे या मुलाला नवे शब्द शिकावे लागत नाहीत.

कायद्याला मात्र हे पेलत नाही. अमेरिकी संसदेने १९२१ मध्ये हवाईयन लोकांना वसाहतीसाठी जमिनी भाडेपट्ट्याने देण्याचा कायदा केला, त्यात मूळ हवाईयन रक्ताचा किमान निम्मा अंश असावा अशी अट घातली. तेथे जन्माचीच ओळ सिद्ध करावी लागते. त्यामुळे जुन्या नोंदीतला मकुआ काने हा बाप की काका, हा प्रश्न काही कुटुंबांसाठी केवळ अभ्यासाचा राहत नाही.

इंग्रजीच्या सहवासात भाषेनेही थोडी जुळवाजुळव केली. वेगळा काका किंवा मामा दाखवण्यासाठी ‘अनकला’ आणि मावशी-आत्यासाठी ‘अनके’ हे शब्द इंग्रजी अंकल-आंटीवरून घडले. आजच्या हवाईत मात्र उलटा प्रवाहही दिसतो: कोणत्याही वडीलधाऱ्या स्त्रीला आंटी आणि पुरुषाला अंकल म्हटले जाते, आणि रक्ताचे नाते नसलेल्या पण एकाच घरचे होऊन वाढलेल्या मित्राला ‘कॅलाबॅश कझिन’ म्हणतात. कॅलाबॅश म्हणजे अळूच्या कंदाचा लगदा, ज्याला पोइ म्हणतात, तो ठेवायचे मोठे भांडे. एका भांड्यातून खाणारे ते भाऊबंद. शब्द इंग्रजी, व्यवस्था जुनीच.

एक सावधगिरीची सूचना येथेच देतो, कारण समाजमाध्यमांवर असे काही दिसले की ते पसरायला वेळ लागत नाही. हवाईयनमध्ये ‘वहिने’ म्हणजे स्त्री किंवा पत्नी, आणि जुन्या पद्धतीत पुरुष आपल्या भावाच्या पत्नीलाही वहिने म्हणे. मराठी ‘वहिनी’शी याचे उच्चारात आणि अर्थात इतके साम्य आहे की कोणालाही संबंध जोडावासा वाटेल. संबंध काहीही नाही. हवाईयन ही पॉलिनेशियन, म्हणजे ऑस्ट्रोनेशियन कुळातली भाषा, मराठी इंडो-आर्यन. हा निव्वळ योगायोग आहे.

खरे भाऊबंद शोधायचे तर न्यूझीलंडच्या माओरीकडे जावे लागते. माओरी ‘त’ हवाईयनमध्ये ‘क’ होतो, माओरी ‘क’चा ओकिना होतो आणि ‘ङ’चा ‘न’. एवढे सूत्र हाती धरले की माओरी मतुआ हा मकुआ, तुपुना हा कुपुना, मोकोपुना हा मो’ओपुना, तुआकाना हा काइकुआ’आनामधला कुआ’आना, आणि तुङाने हा काइकुनानेमधला कुनाने होऊन समोर येतो. हजारो किलोमीटर समुद्र मध्ये असूनही भावंडांची ही चौकट दोन्हीकडे शाबूत आहे, यावरून ती पॉलिनेशियन पूर्वजांपासून आलेली असणार हे उघड आहे. सामोआत ‘उसो’ म्हणजे समलिंगी भावंड; पुरुषाच्या बहिणीला ‘तुआफाफिने’ आणि स्त्रीच्या भावाला वेगळा शब्द आहेच.

पण सगळे पॉलिनेशिया हवाईसारखे सपाट नाही. टोंगात वडिलांच्या बहिणीला ‘मेहेकिताङा’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो उगाच नाही: तेथे बहीण भावापेक्षा वरच्या दर्जाची मानली जाते, त्यामुळे आत्या ही भावाच्या मुलांच्या दृष्टीने घरातली सर्वांत मानाची व्यक्ती, लग्नात आणि अंत्यविधीत तिचे स्थान ठरलेले. आईच्या भावाला तर तेथे चक्क ‘पुरुष-आई’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि बहिणीची मुले मामाच्या मालमत्तेवर हक्काने हात टाकू शकतात. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा आणि लाड पुरवण्याची जबाबदारी मामाची, एवढे आठवले तरी टोंगाचा तक्ता परका वाटत नाही. मराठी माणसाला पॉलिनेशियातून एखादी जवळची व्यवस्था निवडायची असेल तर ती हवाई नव्हे, टोंगा.

आता आपल्या मराठीकडे. ‘आपल्याकडे प्रत्येक नात्याला स्वतंत्र शब्द’ हे विधान मला अपुरे वाटते, कारण मराठीत जे शब्द एकत्र येतात तेच जास्त बोलके आहेत. मावशीच्या यजमानांना आपण काय म्हणतो? बहुतेक घरांत काका. आत्याच्या यजमानांना? पुष्कळ घरांत मामा. हे उलटे का नाही? काका हा वडिलांचा भाऊ, मावशीचे यजमान तर आईच्या बाजूचे. याचे उत्तर दक्षिणेत मिळते. तमिळमध्ये ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ, तोच वडिलांच्या बहिणीचा नवरा आणि तोच सासरा. ‘अत्तै’ म्हणजे वडिलांची बहीण, तीच मामाची बायको आणि तीच सासू. जेथे आते-मामे भावंडांत पिढ्यानपिढ्या लग्ने होतात तेथे आत्याचा नवरा खरोखरच मामा असतो, कारण दोन घरांत मुली देण्याघेण्याची साखळी चालू असते. वडिलांचे भाऊ आणि आईच्या बहिणी या एका बाजूला, त्यांची मुले सख्ख्या भावंडांसारखी, लग्नाला वर्ज्य. आत्या आणि मामा दुसऱ्या बाजूला, त्यांची मुले लग्नाला योग्य.

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती आणि काही ठिकाणी अजून आहे. तिची खूण भाषेत राहिली आहे: जुन्या घरांतली सून सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणे आणि सासूला ‘आत्याबाई’. मामाच्या मुलीशी लग्न झाले तर वधूच्या दृष्टीने सासू ही तिची आत्याच, आणि सासरा हा आत्याचे यजमान, म्हणजे मामा. ज्या घरांत असे लग्न कधीच झाले नाही तेथेही हे शब्द चालले, कारण रीत भाषेत आधीच मुरलेली होती. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेच्या दृष्टीने विभाग पाडले, तेव्हा महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले, ते अगदी योग्य होते. मावशी हा शब्द संस्कृत मातृष्वसेपासून आला आणि आत्या कन्नड ‘अत्ते’, तेलुगू ‘अत्त’ यांच्या शेजारी बसते. दोन बहिणींसारख्या वापरल्या जाणाऱ्या या शब्दांत दोन भाषाकुळे शेजारी नांदतात.

जगातल्या इतर भाषांचा आढावा येथे थोडक्यातच घेता येईल. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी १९४९ मध्ये भावंडांच्या शब्दांवरून सहा प्रकार पाडले आणि सगळ्यांना एकाच शब्दात घेणाऱ्या प्रकाराला ‘हवाईयन’ हे नाव दिले. अभ्यासक्रमात अजून तेच शिकवले जाते. सोयीचे असले तरी या नावांनी गैरसमजही झाले, कारण ‘हवाईयन’ प्रकार म्हटला की वर सांगितलेला थोरल्या-धाकट्याचा आणि बोलणाऱ्याच्या लिंगाचा भेद विद्यार्थ्यांच्या डोळ्यांआड होतो.

मराठी काका, मामा, आत्या, मावशी या चौकडीशी तुर्की भाषा शब्दाला शब्द जुळते: अम्जा, दायी, हाला, तेय्झे. लॅटिनमध्येही चार होते: पात्रुउस, आव्हुंकुलुस, आमिता, मातेर्तेरा. पण लॅटिनच्या पोटी आलेल्या फ्रेंचने चारांचे दोन केले आणि तेच इंग्रजीने उचलले. गंमत म्हणजे इंग्रजी ‘अंकल’ आव्हुंकुलुसपासून, म्हणजे मामापासून आला आणि ‘आंट’ आमितापासून, म्हणजे आत्यापासून; एका बाजूच्या एकेका शब्दाने दुसऱ्या बाजूचा गिळला. स्वीडिश भाषेने हा प्रश्न जोडशब्दांनी सोडवला: मोर म्हणजे आई, फार म्हणजे बाप, म्हणून आईची आई मोरमोर, बापाचा बाप फारफार, मामा मोरब्रोर. चिनी भाषेत वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांना वेगळे शब्द आहेत. चुलत भावंडे एका गटात आणि मामे, मावस, आते अशी तिन्ही दुसऱ्या गटात पडतात. बापाच्या कुळातले आणि बाहेरचे, एवढीच रेघ तेथे महत्त्वाची.

बोलणाऱ्याच्या लिंगावरून शब्द बदलणे ही पॉलिनेशियाचीच खासियत नाही. कोरियन मालिका पाहणाऱ्यांना ‘ओप्पा’ हा शब्द ठाऊक असतो: तो मुलीचा थोरला भाऊ. मुलगा थोरल्या भावाला ‘ह्यङ’ म्हणतो. थोरल्या बहिणीला मुलगी ‘ओन्नी’ आणि मुलगा ‘नुना’. युरोपात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क भाषा पुरुषाची बहीण आणि स्त्रीची बहीण यांना वेगळे शब्द ठेवते, अनुक्रमे ‘आर्रेबा’ आणि ‘आहिस्पा’. बास्कचा कोणत्याही जिवंत भाषेशी नातेसंबंध सिद्ध झालेला नाही, तरी तिने हवाईयनसारखीच रेघ ओढलेली दिसते.

आपल्यापैकी कोणी स्वतःच्या कुटुंबाचे किंवा एखाद्या बोलीचे नातेशब्द नोंदवणार असेल तर दोनतीन गोष्टी अनुभवाने सांगतो. ‘तुमच्या भाषेत मावशीला काय म्हणतात?’ असे विचारू नये. तसे विचारले की मराठीतले कप्पे आपण समोरच्यावर लादतो आणि तो सभ्यपणाने ते भरून देतो. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत आणि पुढे निलगिरीतल्या तोडा जमातीत जी पद्धत वापरली ती अजून सर्वांत चांगली आहे: आधी माणसांची नावे घेऊन वंशावळ काढायची, कोण कोणाच्या पोटचा हे विचारायचे, आणि मग त्या आकृतीतल्या एकेका नावावर बोट ठेवून ‘याला तुम्ही काय म्हणता’ असे विचारायचे. तेच प्रश्न पुरुषाला आणि स्त्रीला दोघांनाही विचारावेत. केवळ पुरुषांकडून हवाईयन तक्ता भरला तर काइकुनाने हा शब्द त्यात येणारच नाही. हाक मारण्याचा शब्द आणि तिसऱ्याला सांगण्याचा शब्द वेगवेगळ्या रकान्यात लिहावा. आणि जुन्या हवाईयन कागदात मकुआहिने असा एकटा शब्द आढळला, पुढे पोनो’ई नाही, हानाइ नाही, शेजारी नाव नाही, तर तिला आई लिहू नये. दुसरा पुरावा मिळेपर्यंत तक्त्यातली ती चौकट कोरी ठेवावी.